कलावाओचे सेवाव्रती फादर डेमियन : चरित्र आणि चरित्रलेखनाचा प्रश्न

परदेशातून आलेला ख्रिस्ती मिशनरी ही व्यक्ती मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. १६१६ साली प्रसिद्ध झालेले फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण असो, १८१३ साली मुंबईत कार्य सुरू करणारे अमेरिकन मराठी मिशन असो, की त्याच मिशनने १८४२ साली अहमदनगरहून सुरू केलेले ज्ञानोदय असो, मराठी वाङ्मयाचा इतिहास या मंडळींच्या उल्लेखावाचून पुरा होत नाही. मात्र मिशनऱ्याकडे आपण बहुधा दोनच दृष्टींनी पाहतो. एक म्हणजे भाषेचा अभ्यासक, आणि दुसरी म्हणजे धर्माचा प्रचारक. दुर्बलांची सेवा करण्यासाठी समुद्र ओलांडून गेलेला माणूस म्हणून त्याचे जे चरित्र लिहिले जाते, त्याच्या रचनेकडे आणि त्या रचनेतील अडचणींकडे मात्र फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने फादर डेमियन (१८४०-१८८९) यांच्या जीवनाचा आढावा घ्यावयाचा आहे. हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत सोळा वर्षे राहून त्याच रोगाने मृत्यू पावलेले हे बेल्जियन धर्मगुरू जगभर परिचित आहेत. त्यांच्या चरित्राची एक ठरावीक घडण लोकमानसात रूढ झाली आहे. देवाने आणि माणसांनी टाकलेली एक भूमी, तेथे एकट्याने गेलेला एक वीर, आणि त्याच्या बलिदानाने झालेला त्या भूमीचा उद्धार, अशी ती घडण आहे. ही घडण कितपत सत्य आहे आणि ती बाजूला सारली तर चरित्रनायकाचे मोठेपण उणावते की वाढते, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

१

डेमियन यांचे मूळ नाव योझेफ दे व्हूस्तर. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील त्रेमेलो या फ्लेमिश खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील धान्याचा व्यापार करीत. घरात मुले बरीच. योझेफ हे सातवे अपत्य. घरचे वातावरण श्रद्धाळू कॅथलिक शेतकरी-व्यापारी कुटुंबाचे होते. योझेफने व्यापार सांभाळावा अशी वडिलांची अपेक्षा होती आणि त्यासाठी फ्रेंच शिकण्याकरिता त्याला ब्रेन-ल-कोंत येथील शाळेत धाडण्यात आले. अंगापिंडाने मजबूत, हाताने काम करण्यात तरबेज, स्वभावाने हट्टी आणि तापट असे या तरुणाचे वर्णन चरित्रकार करतात. पुढील जीवनात हेच गुण त्यांचे बळ ठरले आणि हेच दोष म्हणून त्यांच्या पदरी घातले गेले.

थोरला भाऊ पाम्फिल लूव्हेन येथील येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाला होता. १८५९ साली योझेफही तेथे गेला आणि त्याने डेमियन हे नाव धारण केले. ७ ऑक्टोबर १८६० रोजी पॅरिस येथे त्यांनी व्रते घेतली. व्रतग्रहणाच्या वेळी उमेदवाराच्या अंगावर प्रेतवस्त्र पांघरण्याची या संघात प्रथा होती. आपल्याकडे संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतः उरकतो, त्याच्याशी या विधीचे साम्य सहज ध्यानात येईल. पूर्वाश्रमीचा माणूस मरण पावला, हा दोन्हींचा आशय एकच. पुढे कलावाओला राहण्याच्या आपल्या निर्णयाचा अर्थ डेमियन यांनी या प्रेतवस्त्राच्या आठवणीतूनच लावला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

हवाईला जाण्याची निवड मुळात पाम्फिल यांची झाली होती. ऐन वेळी ते विषमज्वराने आजारी पडले. तेव्हा अद्याप पौरोहित्याची दीक्षाही न मिळालेल्या डेमियन यांनी स्थानिक वरिष्ठांना डावलून पॅरिसच्या प्रमुखांना थेट पत्र लिहिले आणि भावाच्या जागी आपणास पाठवावे अशी विनंती केली. ती मान्य झाली. १८६३ च्या अखेरीस जर्मनीतील ब्रेमरहाफेन बंदरातून निघालेले त्यांचे जहाज १९ मार्च १८६४ रोजी होनोलुलूला लागले. त्याच वर्षी २१ मे रोजी तेथील कॅथीड्रलमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. पुढील नऊ वर्षे त्यांनी हवाई या मोठ्या बेटावरील पुना आणि नंतर कोहाला या विस्तीर्ण विभागांत काढली. घोड्यावरून व पायी हिंडणे, स्वतःच्या हाताने लाकडी प्रार्थनामंदिरे उभारणे आणि लोकांची भाषा शिकणे असा तो काळ होता. हवाईयन लोक त्यांना कामियानो म्हणू लागले.

२

डेमियन यांचे कार्य समजण्यासाठी त्या बेटांची अवस्था लक्षात घेणे अगत्याचे आहे. १७७८ साली कॅप्टन कुक तेथे पोहोचल्यानंतरच्या शंभर वर्षांत देवी, गोवर व इतर परकीय रोगांनी मूळ हवाईयन लोकसंख्येचा मोठा संहार झाला होता. राज्य नावाने स्वतंत्र होते. परंतु शासनात आणि व्यापारात परकीयांचे वजन वाढत होते. १८२० पासून तेथे अमेरिकन बोर्डाचे प्रॉटेस्टंट मिशन कार्य करीत होते. मुंबईत अमेरिकन मराठी मिशन स्थापन करणारी संस्था हीच होय. कॅथलिक मंडळी मागाहून आली आणि दोन्ही पंथांत स्पर्धा होती.

अशा परिस्थितीत कुष्ठरोग पसरू लागला तेव्हा राजे पाचवे कामेहामेहा यांनी ३ जानेवारी १८६५ रोजी रोगप्रसार रोखणारा कायदा मंजूर केला. संशयितांना पकडून त्यांची तपासणी करावी आणि रोग निश्चित झालेल्यांना कायमचे विलग करावे, अशी त्यात तरतूद होती. विलगीकरणासाठी मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावरील एक द्वीपकल्प निवडण्यात आले. तीन बाजूंना खवळता समुद्र आणि चौथ्या बाजूला दोन हजार फुटांहून उंच कडा, असा हा निसर्गनिर्मित तुरुंग होता. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले बारा रुग्ण तेथील कलावाओ येथे उतरविण्यात आले. १९६९ मध्ये सक्तीचे विलगीकरण संपेपर्यंत सुमारे आठ हजार माणसे तेथे पाठविण्यात आली आणि त्यांतील फार मोठा भाग मूळ हवाईयन होता. हवाईयन भाषेत या रोगाला कुटुंबापासून तोडणारा रोग अशा अर्थाचे नाव पडले. मराठीत या रोगाला रक्तपिती आणि महारोग ही नावे आहेत. पहिले नाव शरीराकडे पाहते, दुसरे रोगाच्या दरार्‍याकडे. हवाईयन नाव मात्र रोगाकडे न पाहता कायद्याकडे पाहते. रोगापेक्षा ताटातूट अधिक भयंकर, असा त्या समाजाचा अनुभव या एका नावात साठवला आहे.

रुग्णांनी शेती करून स्वतःचे पोट भरावे अशी शासनाची कल्पना होती. हातापायांची बोटे झडलेल्या माणसांकडून ही अपेक्षा होती. अन्न, कपडे, घरे, औषधे आणि पाणी या सर्वांची टंचाई होती. मद्यपान आणि बेबंदी यांच्या कथा होनोलुलूच्या वृत्तपत्रांतून छापून येत. त्या कथांना आधार होता. पण त्या अपुऱ्या होत्या. कारण याच कलावाओत १८६६ साली म्हणजे डेमियन येण्यापूर्वी सात वर्षे रुग्णांनी स्वतः सिलोआमा नावाची प्रॉटेस्टंट मंडळी स्थापन केली होती. आणखी एक वर्ग तेथे होता. पती, पत्नी, आई किंवा अपत्य यांच्यापासून दूर न होता त्यांच्या शुश्रूषेसाठी निरोगी असूनही आपखुशीने वनवास पत्करणाऱ्या हवाईयन माणसांचा. त्यांना कोकुआ, म्हणजे मदतनीस, असे म्हणत. मोलोकाईचे पहिले स्वयंसेवक कोण, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हे कोकुआ असेच द्यावे लागते. त्यांपैकी बहुतेकांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

३

१८७३ साली विलगीकरणाची अंमलबजावणी कडक झाली आणि रुग्णांची संख्या झपाट्याने वाढली. याच वर्षी नॉर्वेतील हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू आढळले, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या प्रारंभी माउई बेटावर एका प्रार्थनामंदिराच्या समर्पणासाठी धर्मगुरू जमले असता बिशप मेग्रे यांनी कलावाओच्या कॅथलिक रुग्णांचा प्रश्न मांडला. एकाच व्यक्तीला तेथे कायम पाठविणे म्हणजे मृत्यूची आज्ञा देणे होय, याची त्यांना जाणीव होती. म्हणून त्यांनी आज्ञा दिली नाही. चार तरुण धर्मगुरू पुढे आले आणि त्यांनी आळीपाळीने काही महिने तेथे राहावे असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ रोजी बिशपसमवेत ते कलावाओला उतरले. तेथे एका धर्मबंधूने आदल्या वर्षी बांधलेले संत फिलोमिना यांचे छोटे मंदिर होते, परंतु धर्मगुरूला राहावयास घर नव्हते. पहिल्या रात्री त्यांनी मंदिराशेजारच्या केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या.

डेमियन परत गेले नाहीत. आल्यावर लवकरच त्यांनी तेथेच राहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. येथे चरित्रकाराने क्षणभर थांबावयास हवे. ठरलेली योजना काही महिन्यांच्या पाळीची होती. येऊन मदत करून परत जाणारा आणि येऊन राहणारा, यांच्या सेवेत केवळ कालावधीचा फरक नसतो. परत जाणाऱ्याला रुग्णांची गरज दिसते. राहणाऱ्याला रुग्ण माणसे दिसतात. त्यांची भांडणे, लबाडी, विनोद, संगीताची आवड, मृत्यूनंतरच्या विधीविषयीची आस्था या सर्वांशी त्याला रोजचा संबंध ठेवावा लागतो. डेमियन यांच्या सोळा वर्षांचा आशय या राहण्यात आहे.

त्यांच्या कामाची यादी पाहिली तर ते धर्मगुरू होते की सुतार, असा प्रश्न पडावा. त्यांनी घरे बांधली, मंदिर वाढविले, अनाथ मुलामुलींसाठी निवासगृहे उभारली, दफनभूमीला कुंपण घातले, शवपेट्या ठोकल्या आणि खड्डेही खणले. वादळात झोपड्या कोसळल्यावर शासनाकडे लाकडाची मागणी लावून धरली. दरीतील झऱ्याचे पाणी नळाने वस्तीत आणण्याच्या कामात ते रुग्णांसह राबले. जखमा धुणे आणि मलमपट्टी करणे हा रोजचा क्रम होता. जखमांच्या दुर्गंधीला उतारा म्हणून त्यांनी चिलीम ओढण्याची सवय लावून घेतली. रुग्णांचे गायकवृंद आणि वाद्यवृंद उभे राहिले. मृत्यूशिवाय दुसरी वार्ता नसलेल्या त्या जागी मिरवणुका, सण आणि सामूहिक अंत्यविधी यांमुळे दिवसांना क्रम आला.

आरोग्यमंडळाशी त्यांचे संबंध ताणाचे होते. आल्यावर काही काळ त्यांनाही वसाहत सोडण्यास मनाई करण्यात आली. या काळातील एक प्रसंग सर्व चरित्रांत येतो. त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले, परंतु त्यांना उतरण्याची परवानगी नव्हती आणि डेमियन यांना जहाजावर चढण्याची. तेव्हा होडीत उभे राहून त्यांनी आपले पापनिवेदन मोठ्याने फ्रेंचमधून केले. एरवी कानाशी उच्चारावयाचे शब्द समुद्रावरून ओरडून सांगावे लागलेल्या या धर्मगुरूच्या एकाकीपणाची कल्पना या प्रसंगावरून येते. सोबत एक धर्मबंधू द्यावा ही त्यांची मागणी वर्षानुवर्षे चालू राहिली. जे सहकारी आले त्यांच्याशी त्यांचे पटले नाही, आणि याचा दोष केवळ त्यांचा नव्हता तसा केवळ इतरांचाही नव्हता.

१८८१ साली राजप्रतिनिधी राजकन्या लिलिउओकलानी यांनी वसाहतीला भेट दिली आणि डेमियन यांना राजसन्मान देण्यात आला. येथून त्यांची कीर्ती बाहेर पसरू लागली.

४

१८८४ च्या अखेरीस पाय चुकून अतिशय गरम पाण्यात पडला असता त्यांना वेदना जाणवली नाही. त्वचा भाजली, पण संवेदना नव्हती. १८८५ मध्ये डॉ. आर्निंग यांनी कुष्ठरोगाचे निदान निश्चित केले.

लोकप्रिय चरित्रांत येथे एक नाट्यपूर्ण प्रसंग रंगविला जातो. रविवारी उपदेशाला उभे राहिलेले डेमियन आपल्या श्रोत्यांना संबोधताना प्रथमच स्वतःला त्यांच्यात धरतात आणि श्रोत्यांना त्या एका सर्वनामावरून सर्व उमगते, असा तो प्रसंग. वस्तुस्थिती याहून अर्थपूर्ण आहे. कलावाओला आल्यावर काही महिन्यांतच, म्हणजे शरीर पूर्ण निरोगी असताना, भावाला लिहिलेल्या पत्रात डेमियन यांनी आपण कुष्ठरोग्यांत कुष्ठरोगी झालो आहोत असा आशय कळविला होता आणि उपदेशातही हीच भाषा वापरत असल्याचे सांगितले होते. म्हणजे सर्वनाम आधी आले, रोग अकरा-बारा वर्षांनी.

भाषेच्या अभ्यासकाला या ठिकाणी अधिक काही दिसेल. डेमियन उपदेश हवाईयन भाषेत करीत. त्या भाषेत प्रथमपुरुषी बहुवचनाची दोन रूपे आहेत. एक ऐकणाऱ्याला वगळणारे, दुसरे त्याला सामावून घेणारे. इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये हा भेद नाही. मराठीत तो आहे. आम्ही आणि आपण या दोन शब्दांतील अंतर मराठी वाचकाला समजावून द्यावे लागत नाही. आम्ही मिशनरी तुमच्यासाठी आलो आहोत, ही सेवेची एक भाषा. आपण सारे येथे आहोत, ही दुसरी. पहिलीत कितीही करुणा असली तरी दोन बाजू शिल्लक राहतात. डेमियन यांच्या जीवनाचा प्रवास पहिल्या भाषेकडून दुसरीकडे झालेला आहे आणि युरोपीय भाषांतून लिहिलेल्या चरित्रांपेक्षा मराठी चरित्राला तो अधिक नेमकेपणाने सांगता यावा.

मात्र या प्रवासाचे भाबडे चित्र काढता कामा नये. सर्वनाम बदलले तरी डेमियन यांच्या ठायी असलेला गोरा धर्मगुरूचा अधिकारभाव नाहीसा झाला नाही. मद्य गाळणाऱ्यांच्या आणि रात्रीच्या नृत्यांच्या ठिकाणी ते काठी घेऊन जात. आपला पंथच खरा याविषयी त्यांना शंका नव्हती. रुग्णांपैकी अनेकांना त्यांचे प्रेम होते तसा त्यांचा जाचही होता.

अखेरच्या वर्षांत मदत येऊ लागली. लंडनमधील एक अँग्लिकन धर्मोपदेशक ह्यू चॅपमन यांनी मोठा निधी जमवून धाडला. पंथभेद ओलांडून आलेल्या या साहाय्याने होनोलुलूतील कॅथलिक वरिष्ठ सुखावण्याऐवजी अस्वस्थ झाले. डेमियन यांच्या प्रसिद्धीमुळे आपले व शासनाचे कार्य झाकोळते, असे त्यांना वाटे. १८८६ मध्ये अमेरिकन यादवी युद्धात लढलेले जोसेफ डटन तेथे आले आणि १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे बहुतेक सारे आयुष्य त्यांनी तेथेच सेवेत घालविले. १८८८ मध्ये बेल्जियन धर्मगुरू कॉनरार्डी आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मदर मॅरिअन कोप सहकारी भगिनींसह आल्या. अमेरिकेतील सिराक्यूजहून त्या १८८३ सालीच हवाईत येऊन कुष्ठरोग्यांची सेवा करीत होत्या. डिसेंबरमध्ये इंग्रज चित्रकार एडवर्ड क्लिफर्ड भेटीस आला. त्याने सोबत गर्जन तेल आणले होते. अंदमानातील वृक्षापासून मिळणाऱ्या या तेलाचा कुष्ठरोगावर उपयोग होतो असा तेव्हा समज होता.

त्याचा उपयोग झाला नाही. मंदिराचे वाढीव बांधकाम पुरे करण्याच्या धडपडीत शेवटचे महिने गेले. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, डेमियन यांचे निधन झाले. ज्या झाडाखाली त्यांनी पहिल्या रात्री काढल्या होत्या त्याच्याच जवळ त्यांना पुरण्यात आले.

५

मृत्यूनंतर काही महिन्यांतच त्यांच्या चरित्रावरून वाद पेटला. चार्ल्स मॅक्यूवन हाइड हे अमेरिकन बोर्डाचे होनोलुलूतील धर्मोपदेशक. ऑगस्ट १८८९ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यास खाजगी पत्र लिहिले आणि ते सिडनीतील एका धार्मिक नियतकालिकात छापले गेले. डेमियन अस्वच्छ, हेकट व धर्मांध होते. ते कोणाच्या आज्ञेने गेले नव्हते. वसाहतीतील सुधारणांचे श्रेय आरोग्यमंडळाचे आहे. स्त्रियांशी त्यांचे वर्तन शुद्ध नव्हते आणि रोग त्याचेच फळ होय, असा त्या पत्राचा रोख होता. शेवटच्या आरोपामागे त्या काळचे एक वैद्यकीय मत उभे होते. कुष्ठरोग हा उपदंशाचाच पुढचा टप्पा होय, असे काही डॉक्टर मानीत. हे मत चुकीचे होते. शिवाय वसाहतीत काम केलेल्या डॉ. मोरित्झ यांनी डेमियन यांच्या ठायी उपदंशाची लक्षणे नसल्याची ग्वाही दिली.

कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियन यांच्या मृत्यूनंतर महिनाभराने वसाहतीत सुमारे आठवडाभर राहिला होता. फेब्रुवारी १८९० मध्ये सिडनी येथे त्याने हाइड यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो याची त्याला कल्पना होती. स्वतः स्कॉटिश प्रेसबिटेरियन घराण्यातील असूनही त्याने एका कॅथलिक धर्मगुरूचा कैवार घेतला. या पत्राचे वाङ्मयीन वैशिष्ट्य असे की, स्टीव्हन्सन डेमियन यांचे दोष नाकारीत नाही. वसाहतीत त्याने रुग्णांकडून आणि इतरांकडून प्रतिकूल साक्षीही टिपून घेतल्या होत्या. अस्वच्छता, हेकटपणा, संकुचितपणा हे सारे तो मान्य करतो आणि मग विचारतो की, या सर्वांसह जो गेला त्याच्या शेजारी न गेलेल्याच्या निर्दोषपणाला किंमत काय. संतचरित्राच्या रूढ रीतीच्या नेमकी उलट ही रीत आहे. दोष झाकून मोठेपण सिद्ध करण्याऐवजी दोषांच्या पायावर ते उभे करणे, ही चरित्रलेखनातील एक महत्त्वाची वाट येथे मोकळी झाली. पुढे आपल्या भाषेच्या कठोरपणाबद्दल स्टीव्हन्सनला स्वतःलाच खेद वाटला, हेही नमूद करणे न्यायाचे ठरेल. हाइड यांच्या पत्रातील एक मुद्दा, सुधारणांचे श्रेय एकट्या डेमियन यांचे नव्हे हा, अगदीच निराधार नव्हता.

या वादात एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटली. दोघेही डेमियन कसे होते एवढ्याचाच निवाडा करीत होते. कलावाओतील माणसे दोघांच्याही लेखी साक्षीदार होती, चरित्राची पात्रे नव्हती. वास्तविक त्या माणसांनी स्वतः लिहिलेले आहे. राणी एमा यांचे मावसबंधू पीटर काएओ हे १८७३ च्या जूनमध्ये रुग्ण म्हणून तेथे आले आणि १८७६ पर्यंत राहिले. राणीला त्यांनी लिहिलेली पत्रे शंभर वर्षांनी, १९७६ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विल्यम रॅग्सडेल हे अर्ध-हवाईयन वकील व दुभाषी त्याच सुमारास आले आणि १८७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत वसाहतीचे व्यवस्थापक होते. अ‍ॅम्ब्रोज हचिसन या रुग्णाने अनेक वर्षे व्यवस्थापकपद सांभाळले आणि डेमियन यांच्याविषयी आठवणी लिहिल्या. या लेखनातून दिसणारी वसाहत केवळ आक्रोशाची नाही. तेथे कारभार आहे, मत्सर आहे, बागा आहेत, राजकारणावरील चर्चा आहे. त्या गजबजलेल्या जगात डेमियन हे अनेकांपैकी एक, पण सर्वांत अधिक राबणारे, असे दिसतात. हे चित्र ठरावीक वीरकथेपेक्षा लहान वाटेल, परंतु ते अधिक विश्वसनीय आहे.

६

डेमियन यांच्या मृत्यूचे पडसाद हिंदुस्थानातही उमटले. १८८९ मध्ये लंडनमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या पुढाकाराने त्यांच्या स्मरणार्थ निधी उभारण्यात आला आणि त्यातून नेमलेल्या आयोगाने १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात फिरून कुष्ठरोगाची पाहणी केली. रोगाची सांसर्गिकता अल्प आहे असा या आयोगाचा निष्कर्ष होता. तरीही १८९८ मध्ये विलगीकरणाचा कायदा झालाच. याच सुमारास, १८९० साली, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी माटुंगा येथे निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान सुरू केले. ते पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. मराठी अभ्यासकाला हे नाव निराळ्या कारणाने ठाऊक आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. पोवाडे आणि कुष्ठाश्रम या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून झाल्या, परंतु आपल्या वाङ्मयेतिहासात एकच बाजू नोंदली गेली. सेवेचा इतिहास आणि वाङ्मयाचा इतिहास परस्परांपासून किती अलग राखले गेले आहेत, याचे हे बोलके उदाहरण होय. विसाव्या शतकात महाराष्ट्रात दत्तपूर, तपोवन व आनंदवन येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेची जी परंपरा उभी राहिली, तिच्याशीही डेमियन यांचे नाव जोडले गेले. बाबा आमटे यांना १९८३ साली मिळालेला डेमियन-डटन पुरस्कार हा त्याचा एक दुवा.

खुद्द डेमियन यांच्या देहाची कथा मृत्यूनंतरही संपली नाही. १९३६ मध्ये बेल्जियन शासनाच्या विनंतीवरून त्यांचे अवशेष मोलोकाईतून हलवून लूव्हेनला नेण्यात आले. कलावाओच्या रुग्णांना न सोडण्याचा निश्चय केलेल्या माणसाला मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी त्यांच्यातून उचलण्यात आले. १९९५ मध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आल्यानंतर त्यांचा उजवा हात कलावाओच्या मूळ थडग्यात परत पुरण्यात आला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांना संतपद मिळाले. मदर मॅरिअन यांना ते २०१२ मध्ये लाभले.

हाच त्यांच्या चरित्रलेखनाचाही पेच आहे. राष्ट्र, पंथ आणि संघ या सर्वांनी डेमियन यांना रुग्णांतून उचलून आपल्याकडे नेले. चरित्रकारांनीही तेच केले. लीळाचरित्रात म्हाइंभटांनी चक्रधरांची प्रत्येक लीळा कोठे घडली आणि तेव्हा तेथे कोण होते, याची काळजीपूर्वक नोंद ठेवली. त्यामुळे तेथे स्वामींसह बाइसा, नागदेव आणि वाटेत भेटलेली साधी माणसेही जिवंत राहिली. नायकाला त्याच्या माणसांसह सांभाळणारी ही दृष्टी मराठी गद्याच्या आरंभीच उपलब्ध आहे. सेवाव्रती माणसाचे चरित्र लिहिताना ती उपयोगी पडेल असे वाटते. कोकुआ, काएओ, रॅग्सडेल, हचिसन आणि सिलोआमाचे अनाम सभासद यांच्यासह डेमियन यांची कथा सांगितली तर त्यांचे एकमेवपण जाते हे खरे. पण त्यांनी स्वतः जे सर्वनाम निवडले, त्याचा अर्थ मात्र अशाच कथेत राखला जातो.